आजारी कटला घेऊन नागपूरला जाताना

तळ्यातले कटला मासे आजारी पडले, तर तपासणीसाठी नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात नेता येतात. भंडाऱ्याकडून निघणार असाल तर पहाटेच निघा. रस्ता साठेक किलोमीटरचाच, पण मे महिन्यात दहा वाजताच गाडीची डिकी तापते आणि मासा वाटेतच मरतो. मेलेला मासा तपासणीच्या फारशा कामाचा नाही. त्याच्या आतड्यातले जिवाणू लगेच अंगभर पसरतात, खरा गुन्हेगार त्या गर्दीत हरवतो.

काठाशी सुस्त तरंगणारे, पोट फुगलेले, अंगावर लाल चट्टे असलेले चार-पाच जिवंत मासे निवडा. मत्स्यबीज आणतो तशाच पिशवीत, थोडं पाणी आणि वर ऑक्सिजन. तळ्याचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत. आणि हे सगळं तळ्यात औषध टाकायच्या आधी! दुकानदाराच्या सल्ल्याने अँटिबायोटिक टाकून झालं असेल, तर प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या प्लेटवर काही उगवेलच असं नाही.

मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंखेडीला, फुटाळा तलावाच्या परिसरात आहे. आदल्या दिवशी फोन करून ठेवा. बसने आलात तर गणेशपेठहून ऑटो करा. ओली पिशवी दिसली की भाडं वाढतं, तेव्हा आधीच ठरवून घ्या.

मी गेलो तेव्हा तिथल्या तपासणाऱ्या मॅडमनी मासा चिरला आणि कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी दाखवली. ते मूत्रपिंड. नमुना तिथूनच घेतात, कातडीवरून नाही. कारण एरोमोनास हायड्रोफिला हा रोग करणारा जिवाणू निरोगी तळ्याच्या पाण्यातही असतो; कातडीवर सापडला म्हणजे त्यानेच मारलं असं होत नाही. मग त्यांनी जिवाणूचा डीएनए शोधणारी लॅम्प चाचणी समजावली. पीसीआर या डीएनए शोधायच्या नेहमीच्या चाचणीला तापमान सतत वर-खाली करणारं यंत्र लागतं, इथे 60 ते 65 अंशांवर एकच तापमान पुरतं. गुलाबी द्रावण असलेल्या चाचणीत जिवाणूचा डीएनए असेल तर तासाभरात ते पिवळं होतं.

मला तर तेवढ्यावरच औषध घ्यायला पळावंसं वाटलं. पण पिवळा रंग जिवाणू कोणता ते सांगतो, कुठल्या औषधाने मरेल ते नाही. त्यासाठी जिवाणू वाढवायला 24 ते 48 तास आणि औषधांच्या चकत्या ठेवून आणखी एक दिवस. म्हणून सोमवारीच जा, शुक्रवारी गेलात तर रविवार मध्ये येतो. तोवर खाद्य कमी करा, जाळं फिरवू नका.

पिशवीतलं उरलेलं पाणी फुटाळ्यात ओतू नका, समोरच असल्यामुळे मोह होतो. ब्लीचिंग पावडर टाकून, थोडा वेळ ठेवून मगच नालीत सोडा. आणि आजारी तळ्यातलं जाळं उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय शेजाऱ्याला देऊ नका, कितीही मागू दे.