मुस्तफा, मामा आणि जुना रुपया

"तुझ्या त्या सीडीनं माझा धंदा बुडवला" हे मी मामाकडून वीस वर्षं ऐकत आलोय. दिवाळीत ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याला भात कालवताना ऐकलं. म्हणून गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला, "दादा, माळा रिकामा करतोय, व्हिडिओ गेमचं मशीन नेणार असशील तर ये, न्हाईतर भंगारात घालतो," तेव्हा पुण्याहून पहाटेची एसटी धरली. मशीन मिळण्याचा आनंद होताच, पण खटला निकाली काढायचा असंही मनात होतं.

पुणे-कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि हायवेच्या कामांमुळे किती वेळ लागेल ते अंबाबाईलाच ठाऊक. किणीचा टोलनाका मागं पडला की मला भूक लागते, हे लहानपणापासूनचं. स्टँडवर उतरून आधी मिसळ खाल्ली. कट दोनदा मागितला. घाम पुसत रिक्षा केली आणि मंगळवार पेठेत मामाच्या दारात उतरलो.

"आलास व्हय? बस, चहा टाकतो," मामी म्हणाली. कोल्हापुरात बायका 'टाकतो', 'जातो' म्हणतात. पुण्याची माझी बायको पहिल्यांदा ऐकून दचकली होती.

मामाच्या पुढच्या खोलीत १९९३ ते २००४ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन मशीनं. ही काही जपानहून आलेली नव्हेत. खोका गल्लीतल्या सुताराचा, वर सनमायका, आत जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, आणि हँडलचे दांडे उद्यमनगरात लेथवर वळवून घेतलेले. पोरं इतक्या जोरात दांडे ओढायची की विकतचे महिनाभरही टिकत नसत. माळ्यावरून उतरवलेल्या मशीनचा दांडा मी हातात धरला. स्टीलचा, थंडगार, आणि बोटं बसतात तिथं झिजून किंचित बारीक झालेला.

ह्या मशीनमध्ये 'मुस्तफा' होता. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३. पण पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्या लाथेपुढं खरं नाव कुणाला लागतंय!

आता त्या सीडीविषयी. मेम नावाचा एमुलेटर इटलीतल्या निकोला साल्मोरियानं फेब्रुवारी १९९७ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढला. एमुलेटर म्हणजे जुन्या मशीनच्या प्रोसेसरचं, ध्वनीच्या चिपचं, सगळ्या अवयवांचं सोंग घेणारा प्रोग्राम. मशीनमधल्या चिपांतला मजकूर फाइल करून त्याला दिला की कॉम्प्युटरलाच मशीन झाल्यासारखं वाटतं. २००३ साली कॉलेजात असताना मी मेम आणि मुस्तफा भरलेली सीडी आणून मामेभावाच्या कॉम्प्युटरवर टाकली. वरच्या खोलीत मुस्तफा फुकट, खालच्या खोलीत रुपयाला एकदा. हा माझा गुन्हा.

मामाला सरळ विचारलं, "खरंच सीडीमुळं दुकान बंद केलंस?"

मामा हसला. "न्हाई रं. तवा राहिलंच काय हुतं? आधी टीव्हीला जोडायची डबडी आली, काडतूस घालून खेळायची. मग सायबर कॅफं. मग एका शाळेच्या हेडमास्तरनं तक्रार केली, पोरं दप्तर घिऊन हितंच बसत्यात म्हणून. तुझी सीडी आली तवा गल्ला दिवसाला चाळीस रुपयांवर आलता."

म्हणजे वीस वर्षं फुकट बोलणी खाल्ली. जगभर साधारण हेच झालं. १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशन आलं आणि गेम पार्लरसारखी चित्रं घरात दिसायला लागली, तिथंच पार्लरचा पाया खचला होता. एमुलेटर आला तो मयताला.

पण त्यानं काहीच बिघडवलं नाही, असंही नाही. मामाचं दुसरं मशीन २००८ च्या सुमारास एकानं जत्रेत लावायला नेलं. त्यातला मूळ बोर्ड, म्हणजे गेमच्या चिपांची पाटी, काढून रद्दीत दिला आणि साठ गेमांचा चिनी बोर्ड बसवला. पॅकमॅन, गॅलागा, फ्रॉगर, डाँकी काँग, सगळं एकाच तळहाताएवढ्या पाटीवर. त्यातलं सॉफ्टवेअर मेमवरूनच उचललेलं. खरं तर २०१६ पर्यंत मेमच्या परवान्यात धंद्यासाठी वापरायला मनाईच होती, पण जत्रेत परवाना वाचतो कोण? अमेरिकेत संग्राहकांची हीच तक्रार आहे. चांगल्या मशीनचं पोट फाडून आत कॉम्प्युटर घालतात, आणि ज्या बोर्डासाठी आज कुणी वणवण फिरतोय तो कचऱ्यात जातो. ज्यांना फक्त खेळायचं होतं ते एमुलेटरकडं गेले. ज्यांना वस्तूच हवी, ते खऱ्या बोर्डाला वाट्टेल ती किंमत मोजायला लागले.

आमचं मशीन सुरू केलं तर ट्यूबवर रंगीत ठिपक्यांची रांगोळी. बोर्ड पिशवीत घालून लक्ष्मीपुरीच्या बाजूला टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडं नेला. त्यांनी बोर्ड उलटा-पालटा केला आणि म्हणाले, "कॉपी हाय." कॅपकॉमचं नाव कुठंच नाही, चिपांवर पेनानं लिहिलेले आकडे. मी खट्टू झालो. त्यावर ते जे म्हणाले ते ऐकून खुर्ची पुढं ओढली.

ह्या गेमच्या मूळ बोर्डावर बॅटरी असते. तिच्या जोरावर कुलुपाची किल्ली चिपमध्ये टिकून राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड कामातून जातो. संग्राहक तिला आत्महत्येची बॅटरी म्हणतात. कॉपी करणाऱ्यांनी कुलूपच काढून टाकलं, त्यामुळं त्यांच्या बोर्डाला बॅटरी लागत नाही. अस्सल माल तिकडं एकेक करून मरतोय आणि आमचं चोरीचं पोर माळ्यावर शाबूत!

पण मग रांगोळी का? काकांनी चिपा एकेक उपटल्या. ह्या ईप्रॉम चिपांना वर काचेची खिडकी असते, प्रकाशानं आतला मजकूर पुसू नये म्हणून वर कागद चिकटवतात. एका चिपवरचा कागद उंदरानं खाल्लेला. लॅपटॉपला जोडलेल्या खाचेत चिप बसवायची, वाचायची, आणि आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा मेमच्या यादीशी ताडून बघायचा. ह्या यादीत फक्त अस्सल गेम नाहीत. मुस्तफाच्या चोरट्या कॉप्यांचीही नोंद आहे, चिपवार. एक जुळली, दुसरी जुळली. उंदराच्या चिपनं तीन वेळा वाचल्यावर तीन वेगळे आकडे दिले.

"खोटा साक्षीदार," काका म्हणाले.

दुसरी एक चिप निळ्या दिव्याच्या डब्यात वीस मिनिटं ठेवून कोरी केली, तिच्यात मेमवाली मुस्तफाची फाइल उतरवली. बोर्ड लागला. ज्या फाइलनं धंदा बुडवल्याचा माझ्यावर आरोप होता, तिच्यातूनच मामाचा बोर्ड उठून बसला. कायद्यानं बघितलं तर बोर्डही चोरीचा आणि फाइलही, गेम कॅपकॉमचा. पण कॅपकॉम तो विकत असेल तर शपथ! घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या डबड्यावर, हा आलाच नाही. २०१८ मध्ये मारामारीच्या सात जुन्या गेमांचा संच त्यांनी काढला, त्यातही मुस्तफा नाही.

परत येताना मुद्दाम खरी कॉर्नरवरून आलो, तिथं सिनेमाच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये जुन्या प्रोजेक्टरचा अभ्यास करून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, तो ह्याच गावात. दुसऱ्याचं यंत्र खोलून आपलं करायची खोड इथं जुनी आहे. दोन्हींची तुलना करत नाही, पेंटरांचे भक्त मला पंचगंगेत बुडवतील.

रात्री गंगावेशीला धारोष्ण दूध पिऊन आलो आणि मशीन लावलं. पिक्चर ट्यूब तापायला मिनिटभर घेते, आधी आवाज येतो, मग कडा हिरवट असलेलं चित्र. मेमवर चित्र स्वच्छ दिसतं, पण हे असं ऊब देत नाही. हाताखाली तो झिजलेला दांडाही नसतो.

मी खिशातला रुपया टाकला. खडखड वाजत खाली आला. दुसरा टाकला, तोही. मामा टॉर्च घेऊन वाकला. खाच १९९२ नंतरच्या स्टीलच्या रुपयासाठी केलेली, पंचवीस मिलिमीटरच्या. २०११ पासूनचा रुपया बावीसचाच, तो स्विचला न शिवता निसटतो.

"मागनं तार लावून फुकट चालू करू का?" मी विचारलं.

"फुकट न्हाई," मामा म्हणाला.

शेवटी मामीनं देव्हाऱ्यातल्या सुपारीखालचा जुना रुपया काढून दिला. टक्! पडद्यावर क्रेडिट एक. मामानं मुस्तफा घेतला, मला घेऊ दिला नाही. मग दोघांनी खेळायचं तर अजून एक रुपया हवा, आणि जुना तर एकच. मामानं खालची पेटी किल्लीनं उघडली, तोच रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"टाक. उधारी लिवून ठेवतो."