पोरांपुढं रिकेल्मे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी पोरांना फुटबॉल शिकवतो, आणि अर्जेंटिनाच्या रिकेल्मेचा खेळ त्यांना दाखवतो. पालक विचारतात, जुने खेळाडू विचारतात, परवा मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या एका काकांनीही विचारलं, "सर, एवढा गुणी खेळाडू, पण कोचशी कायम वाकडं. ऐन वेळेला पेनल्टी घालवली. असला माणूस पोरांपुढं कशाला ठेवताय?" दरवेळी मी विषय बदलत आलो. एकदा नीट सांगतो.

पेनल्टीपासूनच सुरू करू, कारण सगळे तिथंच येऊन थांबतात. 25 एप्रिल 2006, चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, तिच्या सेमीफायनलचा दुसरा लेग, म्हणजे दोन सामन्यांतला दुसरा. आपल्याकडे तारीख बदलून दोन वाजत आले होते. वडील आत झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. व्हियारेआल म्हणजे स्पेनमधलं साधारण पन्नास हजार वस्तीचं गाव, आपल्या जयसिंगपूरएवढं. त्या गावाचा क्लब, म्हणजे रिकेल्मेचा क्लब, इंग्लंडच्या आर्सेनलपुढं उभा होता. पहिला लेग 1-0 ने हरलेला, या लेगमध्ये 0-0, आणि अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर एक्स्ट्रा टाइम.

चेंडू रिकेल्मेनंच घेतला. दुसरं कोण घेणार? आवाज नसल्यामुळं मला फक्त त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा मला ओळखीचा वाटला नाही. एरवी पायाखाली चेंडू दाबून तीन-तीन जणांना ताटकळत ठेवणारा माणूस त्या क्षणी एकटा पडलेला दिसला. त्यानं मारली. आर्सेनलचा गोलकीपर लेमाननं डावीकडं झेप घेऊन अडवली. मी उशी तोंडावर दाबून ओरडलो. पहाटेपर्यंत झोप नाही. सकाळी प्रॅक्टिसला गेलो तर पोरं हसत होती, आणि मी एकाशी खरोखर हातघाईवर आलो.

पण त्या गावाला सेमीफायनलपर्यंत आणलं कुणी? त्याआधी बार्सिलोनात कोच व्हॅन गालनं त्याला विंगवर ढकललं होतं. जो माणूस मधोमध उभा राहून खेळ हळू करतो, त्याला कडेला पळायला लावायचं, आणि मग म्हणायचं हा पळत नाही. व्हियारेआलमध्ये कोच पेलेग्रिनीनं त्याच्याभोवती टीम बांधली आणि 2004-05 मध्ये ते ला लिगात, स्पेनच्या लीगमध्ये, तिसरे आले. 2006 च्याच वर्ल्डकपचं बघा. बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्ध त्याच्याच कॉर्नरवर अर्जेंटिनाच्या आयालानं हेडर मारला, 1-0. 72 व्या मिनिटाला कोच पेकरमननं त्याला बाहेर काढलं, 80 व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजनं बरोबरी केली, आणि मग अर्जेंटिना पेनल्टी शूटआउटमध्ये हरली. हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

आता दुसरी बाजू. ती मी वर्षानुवर्षं लपवली.

ज्या पेलेग्रिनीनं त्याला उभं केलं, त्याच्याशीही त्याचं बिनसलं, आणि 2007 च्या सुरुवातीला तो लोनवर, म्हणजे तात्पुरता, अर्जेंटिनातल्या आपल्या जुन्या क्लबला, बोका ज्युनिअर्सला परतला. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो, "चूक कोचची." कारण पुढच्या काही महिन्यांत त्यानं बोकाला लिबेर्तादोरेस, दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकून दिली. ब्राझीलच्या ग्रेमिओविरुद्ध फायनलच्या दोन लेगमध्ये पाच गोल, त्यातले तीन त्याचे. मला वाटलं, झालं सिद्ध. आता वाटतं, कप जिंकल्यानं पेलेग्रिनी चुकीचा ठरत नाही. 2009 मध्ये मॅराडोना कोच असताना त्यानं नॅशनल टीम सोडली. तेव्हाही मी त्याचीच बाजू घेतली, पण आवाज थोडा उतरला होता.

मी असंही म्हणायचो की हट्ट काढला तर खेळही जाईल, दोन्ही एकच. आज हे मला पटत नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो कॅप्टन होता, बरोबर कोवळा मेस्सी, आणि सुवर्णपदक आलं. तिथं त्यानं लहानांना सांभाळून घेतलं आणि पासही तेवढेच सुंदर दिले. म्हणजे त्याला जमत होतं. मग बाकीच्या वेळी का नाही? याचं उत्तर माझ्याकडं नाही. आईची तब्येत टीकेमुळं बिघडते म्हणून 2006 मध्ये त्यानं पहिल्यांदा नॅशनल टीम सोडली होती, तेव्हा मला तो फार जवळचा वाटला. तोच माणूस बोकाच्या एकाच ड्रेसिंग रूममधल्या स्ट्रायकर पालेर्मोशी नीट वागू शकला नाही, हे मला लागतं.

पोरांना मी तीच क्लिप दाखवतो. एप्रिल 2010, बोका. रिकेल्मे गोलकीपरसमोर मोकळा, स्वतः मारू शकत होता. त्यानं चेंडू आडवा दिला, पालेर्मोनं रिकाम्या जाळ्यात सारला. क्लबचा गोलविक्रम मोडणारा गोल. सगळे पालेर्मोवर तुटून पडले, आणि पास देणारा हात पसरून भलतीकडं, स्टँडच्या दिशेनं पळाला. गळाभेट नाही.

गेल्या महिन्यात एका बारा वर्षांच्या पोरानं विचारलं, "सर, ह्यो तिकडं का पळतोय?"

मी काही बोललो नाही. क्लिप मागं घेतली, चेंडू पायातून सुटतो तिथं थांबवली, आणि म्हटलं, त्याचा डावा पाय कुठं आहे बघ.

"बघितला," पोरगं म्हणालं. "पण तिकडं का पळतोय?"