चुना भिजेपर्यंत शिबिर संपतं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओसरीला चार सागवानी खांब आहेत. त्यातला चौकाकडचा खांब गेल्या पावसाळ्यात दोन बोटं खचला. दोन बोटं म्हणजे काही फार नव्हे, पण वरची तुळई कलली आणि माडीवरच्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं.

पहिला कंत्राटदार फोनवर बोलत बोलतच आला. खांबावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, हे सगळं काढा. लोखंडी गर्डर टाकतो, वरून पीओपी. चार दिवसांत मोकळे." दुसऱ्यानंही हेच सांगितलं, फक्त पाच दिवस मागितले.

मग कुणीतरी मिस्त्रीकाकांचा पत्ता दिला. सत्तरी उलटलेले गुजराती सुतार. मुलगा ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो, त्यामुळे घरातली हत्यारं पोत्यात गुंडाळून ठेवलेली. त्यांनी खांबाच्या बुंध्याशी पटाशी टेकवली, ती लोण्यात जावी तशी आत गेली. वीतभर वर तसंच. अजून वर सरकले आणि पटाशी ठण्ण वाजली. "बेन, आ लाकडुं हजी जीवतुं छे." मेला होता तो खालचा दीड फूट.

आणि तो मारला होता आमच्याच बाबांनी. तीस वर्षांपूर्वी ओसरीला सिमेंट करून घेताना तळखड्याभोवती, म्हणजे खांबाखालच्या दगडाभोवती, छान गोलाई काढून घेतली होती, पाणी आत जाऊ नये म्हणून. खांब तळखड्यावर नुसता उभा असतो, खालून वारा खेळतो, ओल आली तरी सुकते. सिमेंटनं ती वाट बुजवली, मग आधी कुज आली आणि मागोमाग वाळवी. भिंतींचंही तेच झालंय. जुनी मऊ वीट चुन्यातून ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. क्षार विटेच्या तोंडाशी साचतात आणि विटेचा भुगा झडायला लागतो. बाबांना काय दोष देणार! त्या काळी चांगलं काम म्हणजे सिमेंट.

काकांना हाताखाली माणूस हवा होता. मागच्या गल्लीतला एकोणीस वर्षांचा मुलगा तयार झाला. आय.टी.आय.चं सुतारकामाचं सर्टिफिकेट आहे, पण आजवर हात लागला तो प्लायवूड आणि सनमायकाला. त्याचा पहिला प्रश्न, "मासी, रोज मळशे?" म्हणजे रोजंदारी मिळेल ना? मला तो प्रश्न फार आवडला. पारंपरिक कारागिरांसाठीच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिकणाऱ्याला दिवसाला पाचशे मिळतात, तोच दर मी धरला. शिकायला मिळतंय म्हणून फुकट राब, असं त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्याच्या घरी दोन लहान बहिणी आहेत.

तुळईला टेकू आणि जॅक लावून खालचा दीड फूट कापला. वखारीतून जुन्या दाराच्या चौकटीचा सागाचा तुकडा आणला. सांधा तिरपा, मधे दात, आणि आरपार दोन लाकडी खुंट्या. मुलानं आधी तो टाकाऊ तुकड्यावर कापला आणि तीनदा फुकट घालवला. "फेविकॉल आणि स्क्रू का नको?" काकांनी उत्तर दिलंच नाही. त्याच्या हातात गेरूचं फडकं दिलं. एका बाजूला गेरू पुसायचा, दोन्ही तुकडे दाबायचे, पुन्हा उघडायचे. दुसऱ्या बाजूला जिथे लाल डाग उमटेल तिथेच लाकूड टेकतंय, म्हणून फक्त तेवढंच तासायचं. पुन्हा गेरू, पुन्हा दाबणं. दुपारी तीनपर्यंत मी तेरा वेळा मोजलं, मग चहा करायला उठले. परत आले तर अख्खी बाजू एकसारखी लाल. मुलगा त्यावरून बोट फिरवत बसला होता.

ज्या १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला, त्याच साली सयाजीरावांनी बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली. तिथे सुतारकाम शिकवत. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे, पण आडनाव मुळी सुतारांचं. दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले हे आम्ही बडोदेकर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. त्याच कलाभवनातून आजची विद्यापीठाची इंजिनीअरिंग फॅकल्टी उभी राहिली. तिथून निघालेले इंजिनीअर माझ्या नात्यातच चार आहेत. खांबाचा फोटो पाठवला तेव्हा चौघांनीही गर्डरच सांगितला.

विश्वकर्मा योजनेला मी नावं ठेवत नाही. सुतार आणि गवंडी दोघेही तिच्यात आहेत, हत्यारांसाठी पंधरा हजारही मिळतात. पण पहिलं प्रशिक्षण शिबिर पाच ते सात दिवसांचं. अहो, कळीचा चुना विझवून मुरायलाच त्याहून जास्त दिवस लागतात! भूजला हुन्नरशाळा या संस्थेनं शाळा सोडलेल्या मुलांसाठी कारीगरशाळा काढली, तिथे मुलं खऱ्या बांधकामावर हात बसवतात. आपल्याकडे तर वर्गखोली बांधायचीसुद्धा गरज नाही. रावपुऱ्यात, बाजवाड्यात, दर गल्लीत एक तरी ओसरी खचलेली आहे. फक्त एक घर संपलं की दुसरं लागोपाठ उघडायला हवं, नाहीतर मुलगा प्लायवूडकडे परत जातो आणि काका खाटेवर.

म्हणून मी शेजारी हिंडले. एका घरी ऐकवलं गेलं, "आम्ही तर बिल्डरला द्यायच्या विचारात आहोत." ठीक आहे. दोन घरं तयार झाली. एकाचा जिना, दुसऱ्याचा पोपडे धरलेला गिलावा. गिलाव्यासाठी काकांचे एक कडिया, म्हणजे गवंडी, दोस्त येणार आहेत. त्यांची अट एकच, चुना आत्तापासून भिजायला हवा.

तर सध्या आमच्या परसात खड्डा आहे. कळी टाकली त्या दिवशी पाणी असं उकळलं की मांजर दोन दिवस तिकडे फिरकलं नाही. आता वर ओलं गोणपाट आहे. रोज संध्याकाळी तो मुलगा कामावरून परतताना एक बादली ओततो, काठीनं ढवळतो आणि काठीला चिकटलेला चुना मला दाखवतो. काल श्रीखंडाइतका घट्ट होता. कडियाकाकांना फोन केला. ते म्हणाले, "हजी वार छे, बेन." अजून वेळ आहे.