आडव्या वाऱ्यात ओझरला उतरताना

नाशिकजवळच्या ओझरची धावपट्टी तीन किलोमीटर लांब आहे. सेस्ना 172 सारख्या लहान विमानाला त्यातला पाचवा हिस्साही पुरतो. त्यामुळे तिथे लांबीची काळजी नसते, काळजी असते ती वाऱ्याची. पट्टी पूर्व-पश्चिम, 09 आणि 27, म्हणजे एका टोकाकडून 90 अंशांकडे, दुसऱ्याकडून 270 कडे तोंड. त्या दिवशी वारा नैऋत्येचा होता, म्हणजे 27 वर उतरणाऱ्या विमानाला डावीकडून ढकलणारा.

आम्हाला खरं तर सकाळीच निघायचं होतं. मे महिन्यात लहान विमान घेऊन निघणारा शहाणा माणूस ऊन चढायच्या आत उतरून मोकळा होतो. पण ओझरला आधी परवानगी लागते, आणि आमचा कागद कुठल्याशा टेबलावर दुपारपर्यंत पडून राहिला. धुळ्याहून निघेपर्यंत अडीच वाजले. पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना, माझ्याकडे आहे, पण ओझर मला नवीन, म्हणून उजव्या सीटवर माझे इन्स्ट्रक्टर होते. मागे बाबा. बाबांची सगळी नोकरी ओझरच्या एचएएलमध्ये, विमानांच्या कारखान्यात गेली. मिगचा आवाज ऐकून इंजिनात काय बिनसलंय ते सांगणारा माणूस, पण आपल्या मुलीच्या विमानात बसायची त्यांची ही पहिलीच वेळ.

सरळ रेषेत अंतर पासष्ट-सत्तर नॉटिकल मैल, पाऊण तासाचं काम. मध्ये सातमाळा डोंगररांग आडवी येते. धोडप 1,400 मीटरहून उंच आहे, आणि आम्ही 6,500 फुटांवर होतो, म्हणजे डोक्यावरून जाण्याइतकी जागा होती. पण वारा पलीकडून, दक्षिणेच्या अंगानं, डोंगर ओलांडून आमच्या बाजूला कोसळत होता. अशा वेळी उत्तरेकडून येणारं विमान डोंगराजवळ पोचता पोचता खाली ओढलं जातं. म्हणून सरांनी मला डोंगररांगेकडे सरळ जाऊ दिलं नाही. तिरकं घे, म्हणाले. उंची टिकत नाही असं दिसलं तर थोडंसंच वळून मागे फिरता येतं, सरळ गेलीस तर पूर्ण वळसा घालावा लागेल. चांदवड डाव्या हाताला ठेवून आम्ही पलीकडे गेलो. दोनदा सीटवरून उचलले गेलो, बाकी काही नाही.

रांग ओलांडल्यावर खाली पिंपळगाव दिसलं आणि पश्चिमेला, त्र्यंबकच्या बाजूला, वळिवाचा ढग. त्याचं डोकं अजून पसरलं नव्हतं, पण बूड काळं पडलं होतं.

टॉवरनं वारा सांगितला: 210 अंश, 15 नॉट, झोत 23. इथे डोक्यात चटकन गणित करावं लागतं. पट्टी 270, वारा 210, फरक 60 अंश. 60 अंशांवर जवळजवळ सगळा वारा आडवाच धरायचा. म्हणजे एरवी 13 नॉट आणि झोतात 20. सेस्नाच्या पुस्तकात 15 नॉट आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद आहे. कायद्यानं ती मर्यादा नाही, पण ज्यांनी दाखवलं ते कंपनीचे कसलेले वैमानिक होते. सरांकडे शिकणाऱ्यांसाठी 15 म्हणजे 15.

"एकदा जाऊन बघ. फ्लेअरच्या आधी नाक पट्टीच्या रेषेत राहत नसेल तर उतरायचं नाही," सर म्हणाले. फ्लेअर म्हणजे टेकायच्या आधी नाक हलकेच वर घेणं.

फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, मी 20 अंशच ठेवले. पूर्ण 30 ची गरज आखूड पट्टीवर. इथे जास्त फ्लॅप म्हणजे वाऱ्याला जास्त धरायला देणं. झोताचा फरक 8 नॉट, त्याचा निम्मा वेगात वाढवायचा, म्हणून 65 ऐवजी 70 च्या जवळ. पारा चाळिशीला टेकलेला आणि ओझरची उंची सुमारे 1,900 फूट, त्यामुळे हवा साडेपाच हजार फुटांवर असावी तितकी विरळ. काटा 70 दाखवतो, पण हवेतला खरा वेग सहा-सात नॉट जास्त असतो. पहिल्यांदा ते जाणवतंच, जमीन नेहमीपेक्षा घाईनं सरकते.

फायनलवर, म्हणजे पट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या उतारावर, खाली सगळी निफाडकडची रानं. खरड छाटणीनंतर फुटलेल्या हिरव्या द्राक्षबागा, आणि मध्ये मध्ये कांदा काढून नांगरून टाकलेली काळी शेतं. काळ्या शेतावर विमान वर उचललं जायचं, बागेवर आलं की बसायचं. पुन्हा काळं, पुन्हा वर. थ्रॉटलवरचा माझा हात एक क्षण स्थिर नव्हता. नाक वाऱ्याकडे वळवून आम्ही खेकड्यासारखे तिरके चाललो होतो, पट्टी समोरच्या काचेत नव्हतीच, उजव्या कोपऱ्यात होती.

पट्टीवर पोचल्यावर तिरकेपणा सोडायचा: उजवा रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी फिरवणारं पेडल, दाबून नाक रेषेत आणायचं आणि डावा पंख वाऱ्यात खाली धरायचा. केलं. रडर शेवटपर्यंत दाबला, आणि त्याच वेळी झोत आला. पाय तळाला टेकलेला आणि नाक तरीही डावीकडे वळतंय, मधली पांढरी रेघ पोटाखालून उजवीकडे निघालीय.

"गो-अराउंड," मी म्हणाले, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. सरांचा हात थ्रॉटलकडे निघालाच होता, माझा आधी पोचला. पूर्ण शक्ती, नाक आवरून धरायचं, वेग आला की फ्लॅप 10, चढ पक्का झाला की शून्य. त्या उन्हात विमान चढतं ते उपकार केल्यासारखं.

टॉवरनं आम्हाला पूर्वेला घिरट्या घालायला सांगितलं. तिथे सरांनी दोन गोष्टी ठरवून घेतल्या. एक, किती वाजता धुळ्याकडे फिरायचं, म्हणजे पोचल्यावरही अर्ध्या तासाचं इंधन उरेल. दोन, त्र्यंबकच्या ढगाखाली पावसाचा पडदा दिसला तर ती वेळही बघायची नाही, लगेच निघायचं. पावसाआधी जो गार वारा सुटतो तो आपण जमिनीपासून पन्नास फुटांवर असताना यायला नको. संभाजीनगरला जायचं का, असं मी विचारलं. तिथली पट्टीही 09-27, वाऱ्यानं सगळीकडे एकच दिशा धरलेली, मग तिकडे जाऊन मिळणार काय?

मी एका वीटभट्टीच्या धुराकडे बघत राहिले. धूर जमिनीला चिकटून पळत होता, आणि हळूहळू त्याची दिशा पूर्वेकडे सरकली. मग टॉवर: 230 अंश, 14 नॉट, झोत 20. फरक 40 अंशांचा. आडवा भाग 9, झोतात 13. वाऱ्याचा जोर थोडाच उतरला होता, आम्हाला वाचवलं ते त्या 20 अंशांनी.

या वेळी तिरकेपणा मी पट्टीवर येईपर्यंत धरला नाही, फायनलवरच डावा पंख खाली घेऊन बसले. हाताला त्रास जास्त, पण रडर किती उरलाय ते आधीच कळतं. उरला होता. डावं चाक टेकलं, मग उजवं, मग नाक. सर एकच शब्द बोलत होते: "ऐलरॉन, ऐलरॉन." पंखांच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या. चाकं टेकल्यावर हात सैल सोडायची सवय असते, आणि छताशी पंख असलेल्या विमानाला वारा उचलतो तो नेमका तेव्हाच. वेग मरेपर्यंत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे.

टॅक्सी करतानाही तेच, वळलं की ऐलरॉनची बाजू बदलायची. पार्किंगला दोन्ही पंख आणि शेपूट दोरानं बांधलं, कंट्रोल लॉक घातलं, चाकांना चोक लावले. शेवटची गाठ मारतोय तोवर धुळीचा लोट आला आणि टपोरे थेंब.

बाबा शेडकडे पळता पळता म्हणाले, "पहिल्यांदाच उतरवलं असतंस तर कोरडे घरी पोचलो असतो."

सरांना हसू आवरेना. मी लॉगबुक पिशवीत घातलं आणि परतीसाठी पहाटेची परवानगी मागायला फोन लावला.