अनेक चलांच्या वाटेने: जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी बहुचल कॅल्क्युलसचा प्रवासवृत्तांत

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीचा बहुचल कॅल्क्युलसचा पहिला कोर्स बहुधा या वाटेने जातो: दोन चलांची फंक्शन्स, समोच्च रेषा, पार्शल डेरिव्हेटिव्ह, ग्रेडियंट, कमाल-किमान, दुहेरी इंटिग्रल, थोड्या मॅट्रिक्स आणि शेवटी डिफरन्शियल समीकरणांच्या जोड्या. ग्रीन आणि स्टोक्स यांची प्रमेयं इथे सहसा गाळलेली असतात आणि तो वेळ शेवटच्या टप्प्याला मिळतो, हे योग्यच आहे. या वाटेवर आकडेमोड फारशी अडवत नाही. उत्तराचं एकक काय आणि ते कोणत्या बिंदूपाशी खरं आहे, या दोन गोष्टी सुटल्या की मात्र वाट चुकते.

निघताना शिदोरी थोडीच लागते: गुणाकाराचा नियम, साखळी नियम, लॉगरिदम आणि घातांकी फंक्शन यांचे डेरिव्हेटिव्ह. लॉगरिदम कच्चा असेल तर आधी तो पक्का करा. त्रिकोणमितीतल्या लांबलचक इंटिग्रलवर मात्र वेळ घालवू नका, त्यांची गाठ पडत नाही.

पहिल्या टप्प्यासाठी शरीराच्या पृष्ठफळाचं सूत्र उत्तम. मोस्टेलर यांनी १९८७ मध्ये ते सोपं करून दिलं: किलोतलं वजन गुणिले सेंटिमीटरमधली उंची, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ, उत्तर चौरस मीटरमध्ये. ६० किलो आणि १६० सेंमी घेतले तर १.६३ येतं. आधी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या किमतीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, हाताने काढा. पृष्ठफळ १.५ आणि १.८ धरून प्रत्येकी चार-पाच बिंदू मांडले की रेषा अतिपरवलयाच्या आकाराच्या आहेत हे दिसतं, कारण प्रत्येक रेषेवर वजन आणि उंचीचा गुणाकार स्थिर असतो. संगणकावरचं रंगीत त्रिमित चित्र सुंदर दिसतं, पण त्यावरून किंमत वाचता येत नाही.

आता उंची स्थिर ठेवून वजनाच्या दिशेने पार्शल डेरिव्हेटिव्ह काढा: दर किलोमागे ०.०१३६ चौरस मीटर. वजन स्थिर ठेवून उंचीच्या दिशेने: दर सेंटिमीटरमागे ०.००५१. इथे बरेच जण लिहून मोकळे होतात की वजनाचा परिणाम उंचीपेक्षा जास्त आहे. ही तुलनाच चुकीची आहे, कारण एक संख्या किलोमागे आहे आणि दुसरी सेंटिमीटरमागे. उंची मीटरमध्ये घेतली तर दुसरी संख्या ०.५१ होते आणि निष्कर्ष उलटा होतो. टक्केवारीत पाहिलं तर दोन्ही चलं सारखीच वजनदार आहेत: कोणतंही एक १ टक्का वाढलं की पृष्ठफळ साधारण अर्धा टक्का वाढतं. सूत्राचा लॉगरिदम घेतला की हे एका ओळीत दिसतं.

पुढचा मुक्काम एन्झाइमचा. मायकेलिस आणि मेंटेन यांच्या १९१३ च्या समीकरणात स्पर्धक रोधक (एन्झाइमवरच्या जागेसाठी सब्स्ट्रेटशी स्पर्धा करणारा रेणू) घातला की वेग दोन चलांवर अवलंबून राहतो, सब्स्ट्रेट आणि रोधक. कमाल वेग मिनिटाला १०० मायक्रोमोल, मायकेलिस स्थिरांक ५ मिलिमोलर, रोधकाचा स्थिरांक २ मिलिमोलर आणि सब्स्ट्रेट १० मिलिमोलर घ्या. रोधक शून्य असताना वेग ६६.७ येतो. त्याच बिंदूपाशी रोधकाच्या दिशेने पार्शल उणे ११.१ आहे, म्हणजे दर मिलिमोलरमागे वेग तेवढा घटतो. रोधक ०.२ मिलिमोलर असेल तर स्पर्शप्रतल, म्हणजे त्या बिंदूपाशी फंक्शनला टेकलेलं सपाट प्रतल, ६४.४ सांगतं आणि खरा वेग ६४.५ असतो. रोधक २ मिलिमोलर केला तर प्रतल ४४.४ सांगतं, पण खरा वेग ५० असतो. फंक्शन वाकत जातं आणि प्रतल सपाटच राहतं. म्हणून रेषीय अंदाज वापरताना शेजारी बिंदू लिहा आणि निदान एकदा मूळ सूत्रात किंमत घालून तफावत पाहा.

ग्रेडियंट, म्हणजे दोन्ही पार्शलचा मिळून होणारा सदिश, लवकर समजतो, पण त्यात एक खड्डा आहे. ग्रेडियंट शिखराकडे बोट दाखवत नाही, तो त्या जागचा सर्वांत तीव्र चढ दाखवतो. एखाद्या पोषकद्रव्याची संहती १०० उणे क्ष वर्ग उणे ४ य वर्ग अशी असेल, तर (३, २) या बिंदूवर ग्रेडियंट (−६, −१६) येतो. शिखराची दिशा मात्र (−३, −२) आहे. ग्रेडियंटच्या दिशेने चढ १७.१, सरळ शिखराच्या दिशेने १३.९. दिशेच्या सदिशाला त्याच्या लांबीने भागायचं राहिलं तर दुसरी संख्या ५० येते. कमाल चढापेक्षा मोठा चढ आला की भागाकार राहिला आहे असं खुशाल समजा.

कमाल-किमानाच्या टप्प्यावर थोडक्यात आटपा. क्ष घन अधिक य घन उणे ३ क्षय हे एक उदाहरण पूर्ण सोडवा: (१, १) ला स्थानिक किमान, (०, ०) ला सॅडल, म्हणजे एका दिशेने चढ आणि दुसऱ्या दिशेने उतार असलेला बिंदू. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या कसोटीत मिश्र डेरिव्हेटिव्हचा वर्ग वजा करायचा राहिला तर सॅडल हातातून निसटतो. खरा उपयोग लघुतम वर्गांच्या रेषेत आहे. (१, २), (२, ३), (३, ५) हे बिंदू घेऊन चुकांच्या वर्गांची बेरीज लिहा आणि दोन्ही पार्शल शून्य करा, उतार १.५ आणि छेद एक तृतीयांश येतो. इथे चलं आहेत उतार आणि छेद. क्ष आणि य ही मोजलेली माहिती आहे, त्यांच्या दिशेने डेरिव्हेटिव्ह घ्यायचा नसतो.

दुहेरी इंटिग्रलमध्ये वर्तुळाकार वसाहतीचं गणित करा. मध्यभागी दर चौरस मिलिमीटरला ६००० पेशी, ५ मिमी त्रिज्येच्या कडेला शून्य, मधली घट सरळ रेषेत. ध्रुवीय निर्देशकांत उत्तर सुमारे १,५७,०८० पेशी. क्षेत्रफळाच्या तुकड्यातली त्रिज्या लिहायची राहिली तर ९४,२४८ येतं, आणि ही संख्या अगदी पटण्याजोगी दिसते. एकक लिहिलं असेल तर चूक लगेच कळते: पेशी न येता पेशी प्रति मिलिमीटर येतं.

शेवटच्या टप्प्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा, कारण मागचं सगळं इथे कामाला येतं. लोटका यांनी १९२५ मध्ये आणि व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली भक्ष्य-भक्षकाची जोडी घ्या. भक्ष्य क्ष, भक्षक य. क्ष बदलण्याचा वेग: क्ष उणे ०.१ क्षय. य बदलण्याचा वेग: ०.०१ क्षय उणे ०.२५ य. दोन्ही वेग शून्य करताना क्ष किंवा य ने भागू नका, अवयव पाडा. भागलं की (०, ०) हा समतोल हरवतो आणि उरतो फक्त (२५, १०).

मग जेकोबियन, म्हणजे चार पार्शल डेरिव्हेटिव्हची मॅट्रिक्स. आधी चारही पदं चलांत लिहा, समतोलाच्या किमती नंतर घाला. हा क्रम उलटा केला तर सगळं शून्य येतं. (२५, १०) ला पहिली ओळ ०, −२.५ आणि दुसरी ०.१, ०. तिच्या आयगेनव्हॅल्यू (समतोलाजवळची हालचाल कशी होते हे सांगणाऱ्या संख्या) अधिक-उणे ०.५ काल्पनिक, म्हणजे समतोलाजवळ एका फेरीला सुमारे १२.६ कालएककं. (०, ०) ला त्या १ आणि −०.२५ येतात, म्हणजे सॅडल. आयगेनव्हॅल्यू निव्वळ काल्पनिक असतील तर मूळ प्रणालीबद्दल लगेच निकाल देऊ नका, कारण गाळलेली वक्र पदं कक्षा आत किंवा बाहेर ढकलू शकतात. इथे कक्षा बंद आहेत हे वेगळ्या मार्गाने कळतं: ०.०१ क्ष उणे ०.२५ लॉग क्ष अधिक ०.१ य उणे लॉग य ही राशी वाटेत बदलत नाही. लॉग अर्थातच नैसर्गिक.

मासेमारीचा प्रश्न जरूर सोडवा. पहिल्या महायुद्धात मासेमारी घटली तेव्हा एड्रियाटिक समुद्रातून पकडलेल्या माशांत भक्षक माशांचं प्रमाण वाढलं होतं, आणि व्होल्तेरा यांच्यापुढे हाच प्रश्न होता. दोन्ही प्रजातींची ०.२ दराने पकड घाला: भक्ष्याच्या वाढीचा दर १ वरून ०.८ होतो, भक्षकाच्या घटीचा ०.२५ वरून ०.४५. समतोल (४५, ८) वर जातो. दोघांनाही सारखंच पकडूनही भक्ष्य वाढतं. पकड थांबली की याच्या उलट घडतं.

संगणकावर सोडवताना ऑयलरच्या पद्धतीने चित्र काढलं तर कक्षा बाहेर फिरत जाणारी दिसते आणि प्रणाली अस्थिर आहे असं वाटतं. दोष पद्धतीचा आहे. प्रत्येक पायरीला ती स्पर्शरेषेवरून पुढे जाते आणि दर वेळी थोडी बाहेर पडते. समतोलाजवळ पायरी ०.५ असेल तर एका फेरीत आंदोलन दुपटीहून मोठं होतं, ०.१ ला सुमारे १७ टक्के, ०.०१ ला दीड टक्क्याच्या आसपास. चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत वापरली तर ०.१ ची पायरी पुरते. कोणतीही पद्धत घेतली तरी वरच्या न बदलणाऱ्या राशीची किंमत प्रत्येक पायरीला शेजारच्या स्तंभात छापा. ती सरकू लागली की पायरी निम्मी करून पुन्हा चालवा.