हिरवा रंग सोडा, जुलैतलं पाणी बघा

पावसाळा सरता सरता नाशिक जिल्ह्यातल्या घोटी-इगतपुरीचं उपग्रहचित्र उघडलं की डोळे निवतात. डोंगर हिरवे, बांध हिरवे, माळ हिरवे आणि भाताची खाचरंही हिरवी. पण शेती कुठे टिकली आणि कुठे गेली हे शोधायला बसलं की हाच हिरवा रंग आडवा येतो. भात, गवत, नागली, वरई आणि रिसॉर्टची हिरवळ, सगळं त्यात मिसळून जातं. बरं, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बघावं म्हटलं तर इगतपुरीवर ढग असे ठाण मांडून बसतात की साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खालचं काही दिसतच नाही.

म्हणून इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या आपल्या भातपट्ट्यासाठी मी रडारची चित्रं बघतो. युरोपच्या सेंटिनेल-1 या उपग्रहाची ती कुणालाही फुकट मिळतात. हा उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि त्यातल्या किती परत आल्या ते मोजतो, त्यामुळे ढग किंवा अंधार त्याला अडवत नाही. चिखलणी होऊन खाचरात पाणी तुंबलं की लहरी आरशावर पडल्यासारख्या दुसरीकडेच निघून जातात आणि खाचर चित्रात काळं दिसतं. पुढे रोप फुटवे धरतं, ताटं उभी राहतात. मग लहरी पाण्यावर आणि ताटावर आपटून मागे फिरतात आणि तीच जागा उजळत जाते. जुलैत काळं, सप्टेंबरात उजळ, ही भाताची खूण. दारणा, मुकणे, भावली ही धरणं ऐन पिकाच्या महिन्यांतही काळीच राहतात. नागली-वरई उतारावर असते, तिथे पाणी तुंबत नाही, म्हणून ती जुलैत काळी होत नाही. पडीक रानही होत नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ही पडीक रानाचीच आहे. जमीन विकली गेली, तारेचं कुंपण पडलं, की लगेच इमारत उभी राहते असं नाही. कित्येक पावसाळे तिथे नुसतं गवत वाढतं. साध्या चित्रात ती जागा हिरवीगार दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं, शेती चालू आहे. रडारवर मात्र जुलैतलं ते काळं नाहीसं झालेलं असतं. एकेका वर्षाची जुलैची चित्रं शेजारी शेजारी ठेवली की कुठलं खाचर कुठल्या पावसाळ्यापासून लावायचं थांबलं ते कळतं. हमरस्त्यालगतची खाचरं मी या नजरेने नेहमी तपासतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्याच्या आजूबाजूच्या गावांचे पुढचे पावसाळे तर नीट बघायलाच हवेत.

एक हिशोब आपल्या माणसांना चटकन पटतो. या चित्राचा एक ठिपका साधारण 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरचा. थोडक्यात, एक ठिपका म्हणजे एक गुंठा. जुन्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा ठिपका 30 मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. त्यात बांध, बांधावरचा साग आणि दोन-तीन खाचरं एकत्र कालवली जातात. रडारच्या ठिपक्यातही शेजारच्या बांधाची भेसळ होतेच. म्हणून एकट्या ठिपक्यावर मी विश्वास ठेवत नाही. आठ-दहा ठिपके मिळून एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी धरतो. डोंगराच्या कुशीतल्या खाचरांचं वेगळंच. रडार तिरकं बघतं, त्यामुळे काही उतार त्याच्या सावलीत जातात. ती सावली पाण्यासारखीच काळी असते, पण बारा महिने तशीच राहते.

यंदा हे सगळं घरात आलं. माझं आजोळ घोटीच्या बाजूला, मामांची खाचरं उतरत्या टप्प्यांनी आहेत. वरचं खाचर भरलं की बांधाला ठेवलेल्या तोंडातून पाणी खालच्यात उतरतं. वरची जमीन विकली गेली आणि तिथे मुरमाचा भराव पडला. जुलैच्या मध्याला रडारच्या चित्रात सगळा शिवार काळा झालेला, पण त्या भरावाच्या खालच्या अंगाचा मामांचा पट्टा करडाच. मी मामांना फोन लावला.

"अरे, वरनं पाणीच येत नाही. पडतो तेवढ्यापुरतं साचतं, जरा उघडीप झाली की निथरून जातं. रोप पिवळं पडायला लागलंय, आवणी कशी करू?"

"मुरूम कधी टाकला, आठवतं का मामा?"

"लगीनसराईत कधीतरी. तारीख कोण लिहून ठेवतो?"

तारीख सापडली. उन्हाळ्यात आभाळ मोकळं असतं, तेव्हा सेंटिनेल-2 या कॅमेऱ्याच्या उपग्रहाची साधी रंगीत चित्रं पाच-पाच दिवसांनी मिळतात. मेच्या एका चित्रात ते विकलेलं वरचं खाचर सुकलेल्या पेंढ्याच्या रंगाचं होतं आणि लगेच पुढच्या चित्रात त्याच जागी भरावाचा उजळ चौकोन. म्हणजे भराव पडला तो याच पाच दिवसांत.

ही तारीख कामाची आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे शेतातून शेजारच्या जमिनीत नैसर्गिकपणे वाहणारं पाणी कुणी बेकायदा अडवलं आणि त्याने शेतीचं नुकसान होत असेल, तर ते मोकळं करून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. पण दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. भातवाल्याचं इथेच अडतं. नुकसान दिसतं जुलैत, भराव पडलेला असतो उन्हाळ्यात, पुढे आवणी, निंदणी, सोंगणी म्हणजे कापणी यात दिवस जातात आणि मुदत टळते.

मामांचा अर्ज तयार झालाय. सात-बारा, खाचरांचा कच्चा नकाशा, मेची दोन चित्रं आणि मागच्या काही जुलैंची रडारची चित्रं तारखांसह जोडली आहेत. तुमच्याही शेताचं पाणी असंच कुणी अडवलं असेल तर गट नंबर आणि गाव कळवा, चित्रं मी काढून देतो. सोंगणीची वाट बघू नका.