स्वभावाला औषध नाही म्हणे

माझा चेहरा ओढलेला दिसला की सासूबाईंचं वाक्य ठरलेलं असतं. "फार मनाला लावून घेतेस गं, म्हणून पोट बिघडतं." हेतू चांगलाच असतो, हातात ओव्याची वाटी असते. पण हेच वाक्य मी गेल्या सोळा वर्षांत नणंद, शेजारीण, दोन डॉक्टर आणि एक वैद्य यांच्याकडून ऐकलंय. शेवटी एक सुस्कारा येतो आणि मग, "काय करणार, स्वभावाला औषध नाही."

मी नौपाड्यात राहते, ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आजाराचं नाव आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम: आतडं दिसायला ठीक, वागायला बिघडलेलं. सोनोग्राफी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल, रक्त नॉर्मल. डॉक्टर निदान करतात ते रोम निकषांवरून, म्हणजे लक्षणांच्या एका ठरलेल्या यादीवरून. २०१६ची आवृत्ती म्हणते, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाला जाण्याशी किंवा तिथल्या बदलांशी हवा. आठवड्यातून एक दिवस! माझ्याकडे तर रोजची हजेरी आहे.

सकाळी पाऊणे पाचला उठते. घर सोडेपर्यंत तीनदा जाऊन येते. ऑफिसला पोचेपर्यंत पोटात काही टाकत नाही, कारण खाल्लं की मोठं आतडं कामाला लागतं. ते सगळ्यांचंच लागतं, आमच्यासारख्यांचं जरा जास्तच जोरात. ठाण्याला दहा नंबरवर गाडी लागलेली असते, पण लोकलमध्ये संडास नसतो, म्हणून मध्ये उतरावं लागलं तर वेळ हातात असावा अशा बेताने वीस मिनिटं आधीची गाडी धरते. ऑफिसात माझी ख्याती आहे, "बाई शिस्तीच्या, कधी उशीर नाही." शिस्त कसली? ती वीस मिनिटं संडासाच्या खात्यावर राखून ठेवलेली असतात.

गडकरीला नाटक असेल तर मी कडेचीच खुर्ची घेते. येऊरला ऑफिसची पिकनिक गेली तेव्हा मी "घरी पाहुणे आहेत" म्हणून सांगितलं. उपवनला कोजागिरीचं दूध प्यायला बोलावलं, गेले नाही. दोन-तीन वर्षांत माझ्या नावापुढे "शिष्ट" लागलं. एखाद्या मानसशास्त्रज्ञाने मला बघितलं तर वहीत लिहील, काटेकोर, अंतर्मुख, चिंताळू. तिन्ही बरोबर. फक्त यातलं माझं किती आणि आतड्याचं किती, ते सांगावं त्याने.

स्वभावावर बिल फाडण्याची गोष्ट आमच्या घरात जुनी आहे. बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, शॉप फ्लोअरवर, आणि महा तापट. १९८७ला त्यांना अल्सर निघाला. सगळे म्हणाले, रागाने झाला. दूध प्या, तिखट सोडा, डोकं थंड ठेवा. आई आम्हाला दटावायची, "ओरडू नका रे, बाबांचं पोट दुखेल." नऊ वर्षं आम्ही घरात दबकत वावरलो. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ला, ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरच्या मुळाशी असलेला पोटातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला होता. कुणी ऐकेना म्हणून मार्शलने १९८४ला स्वतःच त्या जंतूंचं पाणी प्यायलं आणि पोट सुजवून घेतलं. २००५ला दोघांना नोबेल मिळालं. ठाण्यात बाबांपर्यंत ती बातमी १९९६ला पोचली, गोळ्यांच्या रूपाने. दोन आठवड्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. अल्सर गेला तो गेलाच. राग होता तिथेच आहे, परवाच रिक्षावाल्याशी भांडून आले.

त्यामुळे "स्वभावामुळे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या आजारात गोष्ट इतकी सरळ नाही. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, तिच्यातले सुमारे ऐंशी टक्के धागे पोटाचा निरोप वर मेंदूकडे नेतात. म्हणजे हुकूम कमी सुटतात, तक्रारीच जास्त जातात. (आपल्या भाषेला हे आधीच कळलेलं दिसतं. पोटात गोळा येतो, धस्स होतं, कालवाकालव होते, आणि दुसऱ्याचं बरं झालं की पोटशूळ उठतो.) चिंताळू स्वभावाची माणसं आयबीएसमध्ये जास्त सापडतात आणि त्यांना त्याच दुखण्याचा त्रासही जास्त होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण २०१२ला ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बारा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले, ते मला जास्त पटले. सुरुवातीला पोट ठीक पण चिंता जास्त, अशांपैकी अनेकांचं पोट पुढे बिघडलं. आणि पोट बिघडलेलं पण मन ठीक, अशांपैकी अनेकांना पुढे चिंता लागली. रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. आमच्या सासूबाईंना एकच बाजू माहीत आहे.

माझी मावसबहीण कळव्याला असते. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला खरोखरच्या जखमा होतात, रक्त पडतं. गेल्या वर्षी दोनदा अॅडमिट होती, स्टिरॉइडने चेहरा पुरीसारखा फुगलेला. कागदावर तिचा आजार माझ्या दसपट. आणि ही बया दिवाळीनंतर सिक्कीमला जाऊन आली! कसं काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "विचारायचं. दिसेल त्या दारात जायचं आणि विचारायचं, ताई, जरा जाऊ का?" लग्नात पंगतीतून उठताना ती सरळ सांगते, "थांबा हं, मला जायचंय." मी सोळा वर्षांत एकदाही अनोळखी दारात विचारलेलं नाही. पोट आवळून चालत राहीन, पण विचारणार नाही. तिच्या आतड्याला जखमा आहेत, माझ्या आतड्याला लाज आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळची गाडी दिघा गाव सोडून ठाण्याच्या अलीकडे थांबली. पाऊस असा की काचेपलीकडे काही दिसेना. पहिल्या पाच मिनिटांत मुरडा सुरू. दार, रूळ, पाणी, बाजूला बायकांची गर्दी. हातापायाला घाम. माझ्या शेजारची बाई मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडत होती, रोजचीच, नाव मला माहीत नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. अर्धी गवार माझ्या ओढणीवर ओतली आणि म्हणाली, "घ्या, शिरा नीट काढा, जून आहे." मी शिरा काढायला लागले. एक टोक मोडायचं, दोरा ओढायचा, दुसरं टोक मोडायचं. एका शेंगेला किती दोरे निघतात ते मोजत बसले. कळ होतीच, येत होती, जात होती, पण शेंगांच्या मागे. पस्तीस मिनिटांनी गाडी हलली तेव्हा गवार संपली होती. ठाण्याला उतरून मी धावलेच. पण त्या पस्तीस मिनिटांत काही झालं नाही, हे मला अजून खरं वाटत नाही.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दोन छापील फॉर्म दिले. एक आयुष्यावर, पोटामुळे काय काय अडतं ते विचारणारा, चौतीस प्रश्नांचा. तो दहा मिनिटांत भरला, सगळं तोंडपाठच होतं. दुसरा स्वभावावर. "मी लवकर घाबरते." "मला माणसांत मिसळायला आवडतं." पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. तो घेऊन रविवारी माहेरी बसले होते. बाबांनी चष्मा लावून वाचला.

"हे आत्ताचं लिहायचं की पोट बिघडायच्या आधीचं?"

मला उत्तर देता येईना. आधीची मी कशी होते तेच आठवत नव्हतं. बाबांना आठवत होतं. सहावीच्या सहलीत मी चार वडापाव खाल्ले होते आणि एसटीत येताना ड्रायव्हरशेजारी उभी राहून गाणी म्हटली होती. मी "माणसांत मिसळायला आवडतं" समोर पूर्ण सहमत असं ठोकून दिलं.

"पण परीक्षेच्या सकाळी," बाबा म्हणाले, "चारदा आत जायचीस. मी बाहेर वर्तमानपत्र धरून मोजायचो."